‘मॉड्यूल सापडत नाही’: सर्व्हरलेस फंक्शनमधली एरर आणि कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतल्या एक-दोन माणसांच्या ऑफिसांत, उद्यमनगरातल्या कारखान्यांना छोटी सॉफ्टवेअर करून देणाऱ्यांकडे आणि शेवटच्या वर्षाच्या कॉलेज प्रोजेक्टांत आता सर्व्हरलेस फंक्शन सर्रास वापरली जातात. सर्व्हर विकत घ्यायला नको, सांभाळायला नको, वापरलं तेवढंच बिल. पण पहिलं फंक्शन क्लाउडवर चढवलं की बहुतेकांची गाठ ‘मॉड्यूल (कोडला लागणारी फाइल किंवा लायब्ररी) सापडत नाही’ या एररशी पडते. त्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं मुख्यतः ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या, म्हणजे एडब्ल्यूएसच्या, लॅम्डाची आहेत. गुगल, त्यांचंच फायरबेस आणि मायक्रोसॉफ्टचं अझ्युर जिथे वेगळं वागतात तिथे तसं सांगितलं आहे. कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

ही एरर नेमकं काय सांगते?

नोडमध्ये ती ‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल’ अशी दिसते, पायथनमध्ये ‘नो मॉड्यूल नेम्ड’ अशी. लॅम्डाच्या लॉगमध्ये तिच्या आधी ‘रनटाइम.इम्पोर्टमॉड्यूलएरर’ असतं. अर्थ इतकाच, की कोडने एक फाइल किंवा लायब्ररी मागितली, रनटाइमने (क्लाउडवर तुमचा कोड चालवणाऱ्या नोड किंवा पायथनने) त्याला ठाऊक असलेल्या सगळ्या जागा धुंडाळल्या आणि ती मिळाली नाही.

यातली कळीची गोष्ट अशी, की हे बहुतेक वेळा तुमच्या हँडलरची (क्लाउड ज्याला बोलावतो त्या तुमच्या फंक्शनची) पहिली ओळ चालायच्या आधी घडतं. म्हणून हँडलरमध्ये लिहिलेलं ट्राय-कॅच काही पकडत नाही आणि तिथल्या लॉगच्या ओळीही उमटत नाहीत. मुलं संध्याकाळभर हँडलरमधलं लॉजिक तपासत बसतात, आणि तो कोड चाललेलाच नसतो. कोड बाजूला ठेवा आणि वर गेलेलं पॅकेज उघडा. खालच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांचा गाभा हाच आहे.

माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालतं. मग तिथेच का अडतं?

तुमच्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षांच्या लायब्ररी साठल्या आहेत. एखादी कधीतरी ग्लोबल इन्स्टॉल केलेली असते, एखादी दुसऱ्याच प्रोजेक्टसाठी आलेली असते. नोडची तर एक खास सवय आहे: मागितलेलं मॉड्यूल शेजारच्या ‘नोड_मॉड्यूल्स’ फोल्डरमध्ये नसेल तर तो एकेक पायरी वर चढत, वरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये शोधत जातो. त्यामुळे तुमच्या फंक्शनच्या फोल्डरमध्ये लायब्ररी नसली तरी वरच्या फोल्डरमधून ती मिळून जाते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

लॅम्डामध्ये तुमचा कोड ‘/वार/टास्क’ मध्ये उलगडतो, लेयर (लायब्ररींची वेगळी जोडलेली झिप) ‘/ऑप्ट’ मध्ये. त्याशिवाय रनटाइमबरोबर येणाऱ्या मोजक्या गोष्टी. बाकी काही नाही.

एरर आली. पहिल्यांदा काय बघू?

एररमधली नावं. एक उदाहरण नीट बघू.

पावसाळ्यात आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याजवळच्या पंचगंगेच्या पातळीकडे असतं: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. समजा तुम्ही ती पातळी दर अर्ध्या तासाने वाचून गल्लीतल्या लोकांना मेसेज पाठवणारं फंक्शन पायथनमध्ये लिहिलं. फाइलचं नाव ‘लेव्हल.पीवाय’, त्यातल्या फंक्शनचं नाव ‘हँडलर’. लॉगमध्ये ओळ येते:

‘अनेबल टू इम्पोर्ट मॉड्यूल ‘लेव्हल’: नो मॉड्यूल नेम्ड ‘रिक्वेस्ट्स’’

यात दोन नावं आहेत. पहिलं तुमच्या फाइलचं, दुसरं हरवलेल्या वस्तूचं. दुसऱ्या नावाकडे बघून बहुतेक निदान तिथल्या तिथे होतं.

दुसरं नावही ‘लेव्हल’च असेल, तर तुमचीच फाइल सापडलेली नाही. मग झिपची रचना किंवा हँडलरचं सेटिंग चुकलंय. दुसरं नाव ‘रिक्वेस्ट्स’सारख्या बाहेरच्या लायब्ररीचं असेल, तर ती पॅकेजमध्ये गेलेलीच नाही. आणि ते लायब्ररीच्या पोटातल्या एखाद्या भागाचं असेल, उदाहरणार्थ ‘सायकोपीजी२._सायकोपीजी’, तर लायब्ररी पोचली आहे, पण चुकीच्या मशिनसाठी बनलेली.

नोडमध्ये एररच्या खाली ‘रिक्वायर स्टॅक’ नावाची यादी येते. मॉड्यूल कोणत्या फाइलने मागितलं, त्या फाइलला कोणी बोलावलं, हे ती क्रमाने सांगते. अनेक जण एररची पहिली ओळ कॉपी करून शोधायला धावतात आणि ही यादी वाचतच नाहीत. यादीत वरची फाइल तुमची असेल तर तुमच्या कोडला ती वस्तू हवी आहे. ‘नोड_मॉड्यूल्स’मधली असेल तर लायब्ररीचंच इन्स्टॉलेशन अर्धवट आहे.

यानंतर लॅम्डाच्या कन्सोलमधून तेच पॅकेज डाउनलोड करा आणि ‘अनझिप -एल’ने आत काय आहे ते बघा. जे चढवलं असं वाटतं ते नव्हे, प्रत्यक्षात वर आहे ते.

माझीच इंडेक्स फाइल सापडत नाही म्हणतंय! ती तर समोर दिसतेय.

नव्वद टक्के वगैरे आकडा सांगत नाही, पण सर्वात आधी झिप तपासा. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉम्प्रेस केलं की झिपच्या आत आधी तो फोल्डर येतो आणि फोल्डरच्या आत फाइल. लॅम्डाला फाइल झिपच्या मुळाशी लागते. म्हणून फोल्डरच्या आत जा, सगळं सिलेक्ट करा आणि मग झिप करा. टर्मिनलवर असाल तर ‘सीडी’ करून आत जाऊन ‘झिप -आर ../फंक्शन.झिप .’ चालवा.

ते बरोबर असेल तर हँडलर बघा. ‘इंडेक्स.हँडलर’मधला पहिला भाग फाइलचं नाव (एक्स्टेन्शनशिवाय), दुसरा भाग एक्स्पोर्ट केलेल्या फंक्शनचं. टाइपस्क्रिप्ट असेल आणि बिल्ड ‘डिस्ट’ फोल्डरमध्ये पडत असेल, तर तिथे ‘डिस्ट/इंडेक्स.हँडलर’ हवं.

तिसरं कारण कॅपिटल अक्षरांचं. विंडोज आणि मॅक सहसा फाइलच्या नावातल्या लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाहीत, लिनक्स करतो. मार्केट यार्डातल्या सौद्याचे गूळ दर आणणाऱ्या फाइलचं पहिलं अक्षर डिस्कवर कॅपिटल आणि इम्पोर्टमध्ये स्मॉल असेल, तर लॅपटॉपवर चालेल आणि क्लाउडवर पडेल. नुसतं नाव बदलून भागत नाही, कारण अशा मशिनवर गिट बऱ्याचदा हा बदल टिपतच नाही. ‘गिट एमव्ही’ वापरून नाव बदला, म्हणजे तो कमिटमध्ये जाईल.

क्वचित फाइलच्या परवानग्याही आड येतात. फाइलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ असू द्या.

लायब्ररी ‘रिक्वायरमेंट्स’ फाइलमध्ये लिहिली आहे. तरीही नाही म्हणतं.

कारण प्रत्येक क्लाउड ती फाइल वाचत नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच.

लॅम्डाला झिप दिली तर तो काहीही इन्स्टॉल करत नाही. ‘रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’ किंवा ‘पॅकेज.जेसन’ त्याच्या दृष्टीने इतर फाइलींसारख्याच. लायब्ररी तुम्ही स्वतः आत भरायच्या: पायथनमध्ये ‘पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी --टार्गेट पॅकेज’, मग तुमची फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवायची आणि आतून झिप करायची. सॅम (लॅम्डाचं बिल्ड आणि डिप्लॉय करणारं एडब्ल्यूएसचं टूल) वापरत असाल तर ‘सॅम बिल्ड’ हे करून देतं, पण डिप्लॉयच्या आधी बिल्ड चालवायला विसरू नका.

गुगल क्लाउड फंक्शन्स उलट वागतात. ते चढवलेल्या सोर्समधली यादी वाचून स्वतः इन्स्टॉल करतात. म्हणजे तिथे ‘नोड_मॉड्यूल्स’ पाठवायची गरज नाही, पण ‘पॅकेज.जेसन’च्या ‘डिपेंडन्सीज’मध्ये नाव असलंच पाहिजे. फायरबेसमध्ये तर मुलं हटकून अडतात ती एका फोल्डरवरून: फंक्शनचा कोड ‘फंक्शन्स’ फोल्डरमध्ये असतो आणि त्याची ‘पॅकेज.जेसन’ वेगळी असते. प्रोजेक्टच्या मुळाशी उभं राहून ‘एनपीएम इन्स्टॉल’ केलं की नाव बाहेरच्या ‘पॅकेज.जेसन’मध्ये जातं. लॅपटॉपवर नोड वर चढून ती लायब्ररी शोधून काढतो, क्लाउडवर फक्त ‘फंक्शन्स’ फोल्डर जातो आणि तिथे काहीच नसतं.

अझ्युरमध्ये पायथनसाठी रिमोट बिल्ड (लायब्ररी क्लाउडवरच इन्स्टॉल करणं) चालू आहे का बघा. तो बंद ठेवून नुसती झिप ढकलली तर लायब्ररी तुम्हीच ‘.पायथन_पॅकेजेस’ फोल्डरमध्ये भरून द्यायला हव्यात.

‘डेव्ह डिपेंडन्सीज’मध्ये असलेलं चालत नाही का?

नाही. प्रॉडक्शनच्या इन्स्टॉलमध्ये तो भाग वगळला जातो. फंक्शन चालताना जे लागतं ते ‘डिपेंडन्सीज’मध्येच हवं.

नमपाय, सायकोपीजी किंवा शार्प पॅकेजमध्ये स्पष्ट दिसतंय. तरी एरर?

हा प्रकार सगळ्यात जास्त डोकं खातो, म्हणून जरा सविस्तर.

काही लायब्ररींच्या पोटात सी भाषेतून कंपाइल केलेल्या फाइली असतात. त्या ठरावीक ऑपरेटिंग सिस्टिम आणि ठरावीक प्रोसेसरसाठीच बनतात. विंडोजवर इन्स्टॉल केलेलं नमपाय लॅम्डाच्या लिनक्सवर उघडत नाही. मग कधी ‘नो मॉड्यूल नेम्ड’ येतं, कधी ‘इनव्हॅलिड ईएलएफ हेडर’, तर कधी नमपायचे सी-एक्स्टेन्शन इम्पोर्ट झाले नाहीत असा लांबलचक मजकूर. शब्द वेगळे, दुखणं एकच.

पायथनमध्ये लिनक्ससाठी तयार असलेलं व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) मुद्दाम मागून घ्या: ‘पिप इन्स्टॉल --प्लॅटफॉर्म मेनीलिनक्स२०१४_एक्स८६_६४ --इम्प्लिमेंटेशन सीपी --पायथन-व्हर्जन ३.१२ --ओन्ली-बायनरी=:ऑल: --टार्गेट पॅकेज नमपाय’. यातलं पायथन व्हर्जन फंक्शनच्या रनटाइमशी तंतोतंत जुळलं पाहिजे, ३.११ साठीची कंपाइल केलेली फाइल ३.१२ उचलत नाही. पोस्टग्रेससाठी ‘सायकोपीजी२-बायनरी’ घ्या.

नोडचं उदाहरण घ्यायचं तर कोल्हापुरी चपलांचे फोटो लहान करून वेबसाइटवर टाकणारं फंक्शन. त्याला शार्प लागतं आणि शार्पची बायनरी प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी निराळी. विंडोजवरून पॅक करताना ‘एनपीएम इन्स्टॉल --सीपीयू=एक्स६४ --ओएस=लिनक्स शार्प’ असं सांगा.

ॲपलच्या एम चिपचा मॅक असेल तर आणखी एक अडचण. तिथे डॉकरमध्ये (लॅपटॉपवरच वेगळं लिनक्स चालवणाऱ्या कंटेनरमध्ये) बिल्ड केलं तरी ते मुळात एआरएम प्रोसेसरसाठी होतं, आणि लॅम्डाचं फंक्शन डीफॉल्टने एक्स८६चं असतं. २०२१पासून लॅम्डावर एआरएम६४ निवडता येतं. फंक्शन एआरएमवर न्या किंवा डॉकरला ‘--प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४’ द्या. दोन्ही बाजू सारख्या असल्याशी कारण.

माझं स्पष्ट मत: एका जरी लायब्ररीत कंपाइल केलेला भाग असेल तर लॅपटॉपवर थेट पॅक करणं सोडून द्या. ‘सॅम बिल्ड --यूज-कंटेनर’ किंवा लॅम्डाची अधिकृत डॉकर इमेज वापरा. पहिल्यांदा इमेज उतरायला वेळ लागतो, पण पुढचा मनस्ताप टळतो.

एररमध्ये ‘पीआयएल’ येतं. ‘पिप इन्स्टॉल पीआयएल’ केलं तर होत नाही.

इम्पोर्टचं नाव आणि इन्स्टॉलचं नाव एकच असतं असं नाही. ‘पीआयएल’साठी पिलो, ‘सीव्ही२’साठी ओपनसीव्ही-पायथन, ‘यामल’साठी पायवायएएमएल, ‘बीएस४’साठी ब्युटिफुलसूप४, ‘डॉटएन्व्ह’साठी पायथन-डॉटएन्व्ह, ‘क्रिप्टो’साठी पायक्रिप्टोडोम. लॅम्डावर ओपनसीव्हीची ‘हेडलेस’ आवृत्ती घ्या, नाहीतर स्क्रीनशी संबंधित सिस्टिम फाइली मागत ती पुन्हा अडते.

याच्याच जोडीचं दुसरं: तुमच्या फाइलचं नाव ‘ईमेल.पीवाय’ ठेवू नका. पायथनचं स्वतःचं ‘ईमेल’ पॅकेज त्याने झाकलं जातं आणि ‘ईमेल.माइम’ सापडत नाही अशी बुचकळ्यात टाकणारी एरर येते.

‘भावा, परवापर्यंत चालत होतं. कोडला कुणी हात पण लावला नाही!’

कोडला नाही, पण रनटाइमला लावला असेल. जुना रनटाइम बंद होणार म्हणून एडब्ल्यूएसची मेल येते, कुणीतरी कन्सोलमध्ये जाऊन व्हर्जन वाढवतं आणि फंक्शन पडतं.

नोड १६पर्यंतच्या रनटाइममध्ये एडब्ल्यूएस एसडीकेची दुसरी आवृत्ती आयती मिळायची. नोड १८पासून तिच्या जागी तिसरी आली. त्यामुळे ‘एडब्ल्यूएस-एसडीके’ मागणारा जुना कोड ‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल’ म्हणत थांबतो. खरा उपाय तिसऱ्या आवृत्तीवर जाण्याचा. तोवर जुनी स्वतः पॅक करून काम चालवता येतं.

पायथन ३.१२मधून ‘डिस्टयुटिल्स’ आणि ‘इम्प’ काढून टाकले आहेत. तुमचा कोड ते वापरत नसला तरी एखादी जुनी लायब्ररी वापरत असते. ती अपडेट करा. शिवाय ३.१२पासून लॅम्डाखालचा लिनक्सही बदलून ॲमेझॉन लिनक्स २०२३ झाला आहे, तेव्हा कंपाइल केलेल्या लायब्ररी नव्याने बांधून घ्या.

जुन्या व्हिडिओंत ‘बोटोकोर.व्हेंडर्ड’मधून रिक्वेस्ट्स इम्पोर्ट करायची युक्ती दाखवतात. ती वाट केव्हाच बंद झाली. रिक्वेस्ट्स सरळ पॅक करा.

लेयर जोडला आहे, तरी लायब्ररी सापडत नाही.

लेयरच्या झिपमध्ये मुळाशी ठरावीक नावाचा फोल्डर लागतो. पायथनसाठी ‘पायथन’, आणि लायब्ररी त्याच्या आत. नोडसाठी ‘नोडजेएस’, त्यात ‘नोड_मॉड्यूल्स’. लायब्ररी थेट मुळाशी टाकल्या तर त्या ‘/ऑप्ट’ मध्ये पोचतात खऱ्या, पण रनटाइम तिथे बघत नाही.

काही जण पायथनच्या लेयरमध्ये व्हर्जनच्या नावाचा लांब पाथ वापरतात, ‘पायथन/लिब/पायथन३.११/साइट-पॅकेजेस’ असा. फंक्शन ३.१२वर नेलं की तो लेयर असून नसल्यासारखा होतो.

आणि लेयरची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली म्हणून फंक्शन आपोआप ती घेत नाही. फंक्शनला आवृत्तीचा नंबर बांधलेला असतो, तो तुम्हीच बदलायचा. एका फंक्शनला जास्तीत जास्त ५ लेयर.

टाइपस्क्रिप्टमधून बिल्ड झालं, एकही एरर नाही. वर गेल्यावर ‘@’ने सुरू होणारा पाथ सापडत नाही.

टाइपस्क्रिप्टचा कंपायलर ते टोपणनाव तपासताना समजून घेतो, पण बाहेर पडणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये ते बदलून देत नाही. नोडला ते कळत नाही. ईएसबिल्डने बंडल करा (सगळा कोड एका फाइलमध्ये गोळा करा), किंवा साधे रिलेटिव्ह पाथ लिहा.

‘पॅकेज.जेसन’मध्ये ‘टाइप: मॉड्यूल’ केलं असेल तर रिलेटिव्ह इम्पोर्टमध्ये ‘.जेएस’ एक्स्टेन्शन लिहावंच लागतं. जुन्या ‘रिक्वायर’मध्ये ते गाळलेलं चालायचं, इथे चालत नाही.

बंडल केलं तर हा सगळा प्रश्नच संपेल ना?

बराचसा संपतो. लागणारा कोड एका फाइलमध्ये येतो, पॅकेज छोटं होतं, पीएनपीएम या पॅकेज मॅनेजरच्या सिमलिंकचा (शॉर्टकटसारख्या जोडण्यांचा) आणि मोनोरेपोमध्ये (एकाच रेपोत अनेक प्रोजेक्ट) वर उचलल्या गेलेल्या लायब्ररींचा घोळही टळतो. नोडसाठी मी पहिला सल्ला हाच देतो.

पण बंडलर कोड वाचून ठरवतो काय घ्यायचं. मॉड्यूलचं नाव चालू असताना व्हेरिएबलमधून बनत असेल तर त्याला ते दिसत नाही आणि ती फाइल मागे राहते. व्हर्सेल आणि नेटलिफाय या होस्टिंग सेवांवरही हेच कारण वारंवार सापडतं. अशा फाइली सेटिंगमध्ये हाताने नोंदवा, किंवा नावं सरळ लिहा. शार्पसारख्या बायनरीवाल्या लायब्ररी बंडलच्या बाहेर ठेवून वेगळ्या पाठवाव्या लागतात.

पॅकेज फार मोठं झालं. काही लायब्ररी काढून टाकू का?

अंदाजाने काढू नका. त्यातूनच पुढची ‘नो मॉड्यूल’ एरर जन्माला येते. लॅम्डाची मर्यादा थेट अपलोड केलेल्या झिपला ५० एमबी आणि लेयर धरून उलगडलेल्या कोडला २५० एमबी आहे. शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीच्या एक्सेल शीटवरून रिजेक्शनचा रिपोर्ट काढायला पांडाज आणि त्याच्या जोडीला आणखी दोन-तीन लायब्ररी घेतल्या की ही मर्यादा जवळ येते. अशा वेळी कंटेनर इमेज करा, तिथे १० जीबीपर्यंत जागा आहे.

झिप फार मोठी झाली की कन्सोलच्या एडिटरमध्ये कोड दिसत नाही. तो गेलेला नसतो, घाबरू नका.

कधी चालतं, कधी पडतं. असं कसं?

बहुधा इम्पोर्ट एखाद्या अटीच्या आत आहे. पातळी ४३ फुटांवर गेली तरच नकाशाचं चित्र बनवायचं, आणि चित्राची लायब्ररी तिथेच आत इम्पोर्ट केलेली. मग फंक्शन महिनाभर हसतखेळत चालतं आणि नेमकं पूर आला की पडतं. महत्त्वाचे इम्पोर्ट फाइलच्या वरच ठेवा, म्हणजे पडायचं ते डिप्लॉयच्या दिवशीच पडेल.

अझ्युरमध्ये एररच दिसत नाही, पण पोर्टलवर फंक्शनच नाही!

पायथनच्या नव्या प्रोग्रॅमिंग मॉडेलमध्ये इम्पोर्ट फसला की फंक्शन यादीत येतच नाही. लॉग स्ट्रीम उघडा, खरी एरर तिथे असते.

चढवायच्या आधीच कळेल अशी काही सोय?

आहे, आणि ती प्रत्येकाने लावावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. तयार झालेली झिप प्रोजेक्टच्या बाहेर, एखाद्या पूर्ण वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये उलगडा. प्रोजेक्टच्या आत नको, कारण नोड वर चढून लायब्ररी शोधेल आणि तुम्हाला खोटा दिलासा मिळेल. मग लॅम्डाच्याच डॉकर इमेजमध्ये तो फोल्डर जोडून फक्त इम्पोर्ट करून बघा: पायथनमध्ये ‘पायथन -सी “इम्पोर्ट लेव्हल”’, नोडमध्ये ‘नोड -ई “रिक्वायर(‘./इंडेक्स’)”’. फंक्शन चालवायची गरज नाही, नुसतं लोड झालं तरी पुरे. गिटहब ॲक्शन्समध्ये डिप्लॉयच्या आधीची पायरी म्हणून हे घातलं की अशा बहुतेक एरर ग्राहकापर्यंत पोचत नाहीत.

इन्स्टॉलसाठी तिथे ‘एनपीएम सीआय’ वापरा. तो लॉक फाइलप्रमाणे तंतोतंत त्याच आवृत्त्या आणतो.

रात्री डिप्लॉय केलं, फंक्शन पडलं आणि बाहेर पाऊस कोसळतोय. आता?

आधी मागे जा, कारण मागाहून शोधा. त्यासाठी प्रत्येक डिप्लॉयला व्हर्जन पब्लिश करण्याची आणि ट्रिगर (फंक्शन सुरू करणारी घटना) ‘लाइव्ह’सारख्या एलियसला (एखाद्या व्हर्जनकडे बोट दाखवणाऱ्या नावाला) जोडण्याची सवय हवी. मग एलियस आधीच्या व्हर्जनकडे वळवला की फंक्शन लगेच पूर्ववत चालू होतं. २०१९ आणि २०२१चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, की अशा रात्री घरोघरी माणसं मेसेजची वाट बघत जागी असतात. त्या वेळी पिपशी झटापट करत बसू नये.

वेळापत्रकावर चालणारं फंक्शन पडलं तर लॅम्डा डीफॉल्टने आणखी २ वेळा प्रयत्न करतो. मॉड्यूल नसेल तर तिन्ही वेळा तेच होणार, आणि मग ती फेरी गुपचूप वाया जाते. म्हणून क्लाउडवॉचमध्ये (एडब्ल्यूएसच्या देखरेख सेवेत) ‘एरर्स’वर अलार्म लावा आणि तो अशा फोनवर पाठवा जो रात्री सायलेंट नसतो.

सगळं करून बघितलं. ग्रुपवर विचारताना काय काय देऊ?

पूर्ण एरर, रिक्वायर स्टॅकसकट, आणि तीही टेक्स्टमध्ये. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको. रनटाइमचं व्हर्जन, आर्किटेक्चर, हँडलरचं सेटिंग, ‘अनझिप -एल’च्या पहिल्या वीसेक ओळी, आणि पॅकेज कोणत्या मशिनवर कोणत्या कमांडने बनवलं ते. पाठवण्याआधी त्यातल्या ॲक्सेस की आणि पासवर्ड काढून टाका.